जुन्या ट्रॅक्टरचा सौदा : जोखीम गिअर बॉक्सची

पेण, रोहा - वैशाखातील उन्हाचा ताव ओसरून मृगाचे वेध लागू लागले, की रायगड जिल्ह्याच्या भातपट्ट्यात बियाणे आणि खताबरोबर आणखी एका खरेदीची घाई सुरू होते. ती असते जुन्या ट्रॅक्टरची. दारातली बैलजोडी केव्हाच गेलेली, औत हाकणारे हात गावात उरलेले नाहीत आणि नव्या ट्रॅक्टरचे हप्ते झेपणारे नाहीत, अशा कोंडीत सापडलेले कुटुंब वापरलेल्या ट्रॅक्टरकडे वळते. अशा सौद्यामागे पुष्कळदा मुंबई, ठाणे किंवा पनवेल येथे नोकरी करणाऱ्या मुलाची वा भावाची बचत उभी असते. म्हणूनच हा विषय केवळ गावापुरता राहत नाही. शहरात बसून पैसे पाठविणाऱ्याला भ्रमणध्वनीवर रंगाची चकाकी आणि टायरची नक्षी दिसते, इंजिनाचा ठोकाही ऐकू येतो. ज्या भागावर सौद्याचे यशापयश ठरते, तो गिअर बॉक्स मात्र लोखंडी कवचाआड झाकलेला असतो.

इंजिनातील दोष धुरातून, आवाजातून, तेलाच्या खपातून लवकर उघडा पडतो. ट्रान्समिशनचा, म्हणजे इंजिनाची शक्ती चाकापर्यंत पोहोचविणाऱ्या साखळीचा दोष रिकाम्या रस्त्यावर शंभर पावले चालवून कळत नाही. तो कळतो भर चिखलणीत, जेव्हा रोपे उपटून तयार असतात आणि पावसाने ओढ देण्यापूर्वी लावणी उरकायची असते. त्या आठवड्यात बंद पडलेला ट्रॅक्टर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा कितीतरी मोठे नुकसान करून जातो.

जमीन राहिली, मनुष्यबळ गेले

पेण तालुक्यातील शेतकऱ्यांचे आपल्या जमिनीशी असलेले नाते उभ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत सार्वमत घेण्यात आले होते. पुढे तो प्रकल्प उभा राहिला नाही आणि जमीन शेतकऱ्यांकडेच राहिली. परंतु ती कसायची कोणी, हा प्रश्न त्यानंतरच्या काळात अधिक तीव्र झाला. डोलवीचा पोलाद कारखाना, रोह्याजवळील धाटावची औद्योगिक वसाहत, पनवेल व नवी मुंबईतील रोजगार यांनी तरुण हात ओढून घेतले. मजुराची वाट पाहत लावणी लांबविणे भातशेतीला परवडत नाही.

दुसरी अडचण जमिनीच्या आकाराची. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहिवाट धारणा १.३४ हेक्टर एवढीच आहे. कोकणात वाटण्या होत होत खाचरांचे तुकडे त्याहून लहान झाले आहेत. एवढ्या जमिनीसाठी नव्या ट्रॅक्टरचे कर्ज काढणे बहुतेकांच्या हिशेबात बसत नाही. वापरलेला ट्रॅक्टर घ्यावा, घरची चिखलणी उरकावी, शेजाऱ्यांची भाड्याने करून द्यावी आणि उरलेल्या दिवसांत ट्रॉली जोडून वाहतूक करावी, असे गणित त्यातून मांडले जाते. ते चुकीचे नाही. मात्र घेतलेले यंत्र हंगामभर टिकेल, या एका गृहीतावर ते सगळे उभे असते.

करकपातीनंतरचा हिशेब

या हिशेबाला अलीकडे एक नवे परिमाण लाभले आहे. वस्तू व सेवा कर परिषदेच्या ५६ व्या बैठकीतील निर्णयानुसार २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करपूर्व किंमत सहा लाख रुपये धरली, तर पूर्वी ७२ हजार रुपये कर पडत असे, तो आता ३० हजार रुपये पडतो. म्हणजे ४२ हजारांचा फरक. नव्या ट्रॅक्टरची किंमत उतरली, की जुन्याची किंमतही त्याच प्रमाणात उतरली पाहिजे. परंतु विकणारा बहुधा स्वतः मोजलेल्या जुन्या किमतीच्या आधारावर भाव सांगतो. घासाघीस करताना ग्राहकाने हा मुद्दा हाताशी ठेवणे इष्ट.

याच निर्णयात ट्रॅक्टरचे टायर आणि क्लच, गिअर बॉक्स यांसह अनेक सुट्या भागांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. त्यामुळे दुरुस्तीतील सुट्या भागांचा खर्च काहीसा हलका झाला. मात्र ट्रान्समिशनच्या दुरुस्तीत खरा भार भागांच्या किमतीइतकाच मजुरीचा आणि वाया जाणाऱ्या दिवसांचा असतो. मोटारगाडीला असते तशी स्वतंत्र चौकट बहुतेक शेती ट्रॅक्टरांना नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअर बॉक्स आणि मागील आसाचे हाउसिंग एकमेकांना बोल्टने जोडून ट्रॅक्टरचा कणा बनलेला असतो. परिणामी साधी क्लच प्लेट बदलायची, तरी मिस्त्रीला ट्रॅक्टर मधोमध उकलून दोन भाग वेगळे करावे लागतात. गिअर किंवा क्राऊन-पिनियनपर्यंत जायचे, तर काम त्याहून खोल जाते.

पूर्वायुष्य महत्त्वाचे

जुन्या ट्रॅक्टरचे वय विचारण्याची रीत आहे, पण त्याने आजवर कोणते काम केले, हे विचारण्याची रीत नाही. वास्तविक ट्रान्समिशनच्या बाबतीत दुसरा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. नोंदणी क्रमांकाच्या आरंभीच्या अक्षरांवरून निम्मी हकीकत कळू शकते. एमएच ०६ हा क्रमांक पेण येथील परिवहन कार्यालयाचा. एमएच ०९ कोल्हापूरचा, एमएच ११ साताऱ्याचा, एमएच १६ अहिल्यानगरचा, तर एमएच ४२ बारामतीचा. घाटावरचा ट्रॅक्टर म्हणजे वाईट, असे मुळीच नाही. मात्र ऊसपट्ट्यातून येणाऱ्या यंत्राने गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढल्या आहेत काय, हे विचारलेच पाहिजे. भरलेल्या ट्रॉल्यांसह चढावर गाडी उचलताना क्लच अर्धवट दाबून धरावा लागतो आणि त्यात क्लच प्लेट जळते. त्याच वेळी क्राऊन-पिनियनच्या दातांवर कमाल ताण येतो. वीटभट्टीवर वा रेती-खडीच्या वाहतुकीत राबलेल्या ट्रॅक्टरचीही हीच कथा. नांगरट केलेला पंधरा वर्षांचा ट्रॅक्टर अवजड वाहतूक केलेल्या सात वर्षांच्या ट्रॅक्टरपेक्षा सुस्थितीत असू शकतो.

तासमापकावर विसंबून राहणे धोक्याचे. त्याची तार काढता येते, मापकही बदलता येतो. क्लच-ब्रेकच्या पेडलवरील रबराची झीज, गिअर दांड्याचा खिळखिळेपणा, ट्रॉली जोडण्याच्या हुकाचे रुंदावलेले भोक आणि ड्रॉबारची झीज या खुणा मापकापेक्षा प्रामाणिक असतात. हूक फार झिजलेला असेल, तर ट्रॅक्टर रानापेक्षा रस्त्यावर अधिक चालला, असा अर्थ घ्यावा.

चिखल आणि खारे पाणी

स्थानिक ट्रॅक्टरलाही आपले भोग असतात. चिखलणीत मागची चाके आसापर्यंत पाण्या-गाळात बुडतात. आसाच्या टोकाचे ऑईल सील झिजले असेल, तर गाळपाणी आत शिरते. मागील आसावर अनेक ठिकाणी तेल चाखत बसलेल्या ब्रेक प्लेट असतात. त्यांची झीजही त्याच तेलात मिसळते. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर बॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते. त्यामुळे एका सीलमधून शिरलेले पाणी गिअरचे दात, बेअरिंगा आणि हायड्रॉलिक पंप या तिन्हींना बाधते.

पेणच्या खारेपाटात याला क्षाराची जोड मिळते. उधाणाच्या भरतीने खारबंदिस्तीला खांड पडली, की खाडीचे पाणी शेतात घुसते, हा तेथील जुना अनुभव. अशा रानात चाललेले यंत्र गोड्या पाण्याने धुतले गेले नाही, तर गंज लवकर धरतो. बेअरिंगचे गुळगुळीत पृष्ठभाग एकदा गंजाने खरवडले गेले, की नवे तेल ओतून आवाज थांबत नाही. रोह्याकडे कुंडलिकेच्या खोऱ्यात परिस्थिती वेगळी. भिऱ्याच्या वीज केंद्रातून सुटणारे पाणी डोलवहाळ बंधाऱ्यावरून कालव्यांत वळते आणि त्यावर उन्हाळी भात घेतला जातो. तेथील ट्रॅक्टर वर्षात दोन वेळा चिखलात उतरतो. खार नसला, तरी सील आणि ब्रेक यांची झीज त्यामानाने अधिक, हे गृहीत धरून पाहणी करावी.

पाहणी कशी करावी?

पहिला नियम असा, की ट्रॅक्टर थंड असताना पाहणी सुरू करावी. ग्राहक येण्यापूर्वीच इंजिन तापवून ठेवले असेल, तर पुन्हा यावे. ट्रान्समिशनची तेलकांडी बाहेर काढून तेल बोटांत चोळावे. ते दुधाळ, ताकासारखे दिसत असेल, तर पाणी शिरल्याची ती खात्रीची खूण. जळका वास येत असेल, तर तेल तापले आहे. तेल संशय यावा इतके जाड असेल, तर आवाज दाबण्यासाठी ते मुद्दाम घातल्याची शक्यता असते. अगदी नवे, स्वच्छ तेल हीदेखील शंकेचीच बाब. ते का आणि केव्हा बदलले, हे विचारावे. विकणाऱ्याची तयारी असल्यास तळाचा बूच सैल करून थोडे तेल भांड्यात काढावे. बुचाला लोहचुंबक असेल, तर त्यावर राखाडी रंगाचा मऊ लेप साठणे स्वाभाविक आहे. लोखंडाचे कण, पापुद्रे वा दाताचा तुकडा हाती लागला, तर सौदा तेथेच थांबविणे शहाणपणाचे.

त्यानंतर जोडांकडे पाहावे. क्लच हाउसिंग आणि गिअर बॉक्सच्या सांध्यावर ताजे सिलिकॉन, बोल्टच्या डोक्यांवर पान्याच्या खुणा, किंवा त्याच भागापुरता नवा रंग दिसला, तर ट्रॅक्टर उघडला गेला आहे हे निश्चित. उघडला जाणे हा दोष नव्हे. कोणते भाग बदलले याचे बिल दाखविता येत असेल, तर असा ट्रॅक्टर न उघडलेल्यापेक्षा बराही ठरतो. बिल नाही, मिस्त्रीचे नाव नाही आणि रंग मात्र ताजा, असे असेल तेव्हा सावध व्हावे.

क्लचची परीक्षा सपाट, मोकळ्या जागेत घ्यावी. समोर माणूस उभा नाही याची खात्री करून, दोन्ही ब्रेक एकत्र बांधून दाबून धरावेत, वरचा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन गुदमरून बंद पडले, तर क्लच पकड घेतो आहे. इंजिन चालूच राहिले आणि ट्रॅक्टर जागचा हलला नाही, तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच घ्यावी. वारंवार घेतल्यास चांगली प्लेटही जळेल. पेडल पूर्ण दाबूनही गिअर पडताना कर्कश घरघर होत असेल, तर क्लच पुरता सुटत नाही. दुहेरी क्लच असलेल्या ट्रॅक्टरात अर्ध्या दाबावर चाके आणि पूर्ण दाबावर पीटीओ थांबला पाहिजे.

आवाज कोठून येतो, हेही क्लचच सांगतो. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज पेडल दाबताच बंद झाला, तर शंका गिअर बॉक्सच्या आरंभीच्या शाफ्टवरील बेअरिंगकडे जाते. पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लचचे रिलीज बेअरिंग संपत आले आहे. एखाद्याच गिअरमध्ये हुंकारासारखा सूर लागत असेल, तर त्या गिअरच्या दातांची झीज. वळताना मागून ठकठक ऐकू आली, तर डिफरन्शियल तपासावे लागेल.

गिअर सटकणे हा जुन्या ट्रॅक्टरचा सर्वांत फसवा रोग. रिकाम्या ट्रॅक्टरात तो दिसत नाही. म्हणून भरलेली ट्रॉली जोडून किंवा नांगर लावून प्रत्येक गिअरमध्ये, हाय आणि लो अशा दोन्ही जोडींत, आणि न विसरता रिव्हर्समध्ये ट्रॅक्टर चालवून पाहावा. चढावर ओढ द्यावी. उतारावर लो गिअरमध्ये वेग कमी करून इंजिनाने ट्रॅक्टर रोखला जातो का, ते पाहावे. दांडा हाताने न धरता जागेवर राहिला पाहिजे. चालविणारा सतत दांड्यावर हात ठेवून असेल, तर त्या हाताचे कारण विचारावे. उतारावर गिअर सटकला आणि मागे भरलेली ट्रॉली असली, की हा दोष पैशांचा न राहता जिवाचा होतो. कोकणातल्या चढउताराच्या वाटांवर तर अधिकच.

मागील भागासाठी जॅक हवा. पुढची चाके आणि एक मागचे चाक ओंडक्यांनी अडवून दुसरे मागचे चाक उचलावे. इंजिन बंद ठेवून गिअर टाकावा आणि उचललेले चाक हाताने पुढे-मागे हलवावे. थोडी ढील असतेच. चाक बरेच फिरल्यावर मग आत ठक्क असा आवाज येत असेल, तर क्राऊन-पिनियन वा शेवटच्या गिअरजोडीत झीज आहे. चाक वर-खाली हलत असेल, तर आसाचे बेअरिंग गेले. ब्रेकच्या बाजूने तेलाचे ओघळ दिसले, तर सील फुटले आहे. डिफरन्शियल लॉक लागतो आणि सुटतो, हे सरळ रेषेत, मऊ रानात पाहावे. एक चाक गाळात फिरत राहिले असता दुसऱ्याला ओढ देणारा हा लॉक भातशेतीत चैनीची वस्तू नाही.

शेवटी पीटीओवर रोटाव्हेटर जोडून चालवावा आणि हायड्रॉलिकवर अवजार उचलून इंजिन बंद करावे. अवजार झपाट्याने खाली बसले, तर हायड्रॉलिकमधून गळती आहे. या सगळ्याला किमान एक तास द्यावा. गळती आणि आवाज तेल तापल्यावरच खरे बोलू लागतात. पाहणीसाठी मिस्त्री ग्राहकाने स्वतःचा न्यावा. विकणाऱ्याने सुचविलेला मिस्त्री कितीही भला असला, तरी त्याचे गिऱ्हाईक विकणाराच असतो.

कागदही यंत्राइतकाच महत्त्वाचा

मध्यंतरी दहा वर्षांनंतर ट्रॅक्टर मोडीत काढावे लागणार, अशी अफवा पसरली होती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२३ मध्ये तिचे खंडन केले. शेती ट्रॅक्टर हे बिगर-परिवहन वाहन असून त्याची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी असते आणि पुढे दर वेळी पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होऊ शकते. म्हणून चौदा वर्षांचा ट्रॅक्टर घेताना नूतनीकरणाचा खर्च आणि त्यासाठीची तपासणी किमतीत धरावी.

मोटार वाहन कायद्यानुसार मालकी बदलल्याची सूचना विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत देणे अपेक्षित आहे. त्यासाठी नमुना २९ व ३० लागतात. कर्जाचा बोजा चढलेला असल्यास तो उतरल्याचा नमुना ३५ आणि नोंदणी परराज्यातील असल्यास ना हरकत प्रमाणपत्र अर्थात नमुना २८ पाहावा. इंजिन व चासी क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून घ्यावेत. ट्रॉलीचे कागद वेगळे असतात, याचाही विसर पडू नये. साध्या स्टँपपेपरवर व्यवहार उरकण्याची सवय दोघांनाही महागात पडू शकते. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या २०१८ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, वाहन प्रत्यक्षात विकलेले असले तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे, त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी राहते, असा निर्वाळा दिला आहे.

यंत्रातील दोषांबाबत मात्र कायद्याचा आधार मर्यादित आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६ चे सूत्र, काही अपवाद वगळता, ग्राहकाने स्वतः पारखून घ्यावे असेच आहे. लेखी हमी नसेल, तर सौद्यानंतर आठ दिवसांनी तुटलेल्या गिअरबद्दल खासगी विकणाऱ्याकडे दाद मागणे अवघड जाते. त्यामुळे बदललेले भाग, केलेली चाचणी आणि दोष निघाल्यास कोणी काय करायचे, हे पावतीवर लिहून घेणे आणि रकमेचा काही भाग नोंदणी नावावर होईपर्यंत राखून ठेवणे, एवढेच ग्राहकाच्या हाती उरते.

घाईचा भाव

या साऱ्या विवेचनाचा रोख शेवटी वेळेवर येतो. मे महिन्यात येणारा ग्राहक गरजू असतो आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असते. त्या घाईत अर्ध्या तासाची फेरी मारून सौदा होतो, दोष जूनमध्ये निघतो आणि तोवर चांगले मिस्त्री दुसऱ्यांच्या कामात अडकलेले असतात. हीच खरेदी भातकापणीनंतर केली, तर पाहणीला सवड मिळते आणि काही निघालेच, तर दुरुस्तीला सहा महिने हाताशी राहतात. रोह्याच्या कालवा क्षेत्रात उन्हाळी भाताची चिखलणी हिवाळ्यातच होते. तेथे ट्रॅक्टर प्रत्यक्ष गाळात उतरवून पाहण्याची संधी त्या दिवसांत मिळू शकते.

एकट्याने घेणे झेपत नसेल, तर भावकीने मिळून चांगला ट्रॅक्टर घेणे, भाड्याने अवजारे पुरविणाऱ्या केंद्राचा आधार घेणे, किंवा लहान खाचरांसाठी पॉवर टिलरचा विचार करणे, हे पर्यायही तपासावेत. शासकीय यांत्रिकीकरण योजनांचे अनुदान नव्या यंत्रांसाठी असते. त्यासाठी पात्र असणाऱ्या कुटुंबाने करकपात आणि अनुदान धरून नव्या-जुन्याच्या किमतीतील खरा फरक आधी कागदावर मांडावा. रोह्याजवळ किल्ला येथील कृषी विज्ञान केंद्रातून आपल्या जमिनीला किती अश्वशक्तीचे यंत्र पुरेसे आहे, याचा सल्ला घेता येतो.

शहरातून पैसे पाठविणाऱ्या भावाने निदान एवढे करावे : छायाचित्र पाहून होकार देऊ नये. एक रविवार काढून गावी जावे, सोबत ओळखीचा मिस्त्री न्यावा, ट्रॉली भरून ट्रॅक्टर चढावर घालावा आणि तापलेल्या तेलाचा एक थेंब बोटांवर चोळून पाहावा. वर्षभराच्या भाताची भिस्त त्या थेंबावर असते.